मुलांना श्रद्धेत वाढवताना चर्चची मदत कशी घ्यायची? पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी वसईतल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, बरीच वर्षं झाली आता, आणि माझी स्वतःची दोन मुलं याच वर्गांतून मोठी झालीत. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटल्यावर पायरीवर, व्हॉट्सॲपवर, कधी बाजारात भाजी घेताना पालक जे विचारतात ते बहुतेक तेच तेच असतं, म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. उत्तरं कॅथलिक चर्चप्रमाणे आहेत. जिथे रिवाज पॅरिशनुसार बदलतो तिथे तसं सांगितलंय, तेव्हा तारखा-वेळा आपापल्या ऑफिसात विचारून घ्या.

१. धर्मशिक्षण तर चर्चच देतं ना, मग आईवडिलांनी वेगळं काय करायचं?

मूल आमच्याकडे आठवड्यातून एक तास असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. आम्ही त्या तासात प्रार्थना पाठ करून घेऊ, बायबलची गोष्ट सांगू, पण आजारी शेजारणीला पेज नेऊन देताना आई कशी बोलते, भांडण झाल्यावर बाबा आधी सॉरी म्हणतात की नाही, हे मूल घरातच बघतं. म्हणून चर्चने १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणावरच्या दस्तऐवजात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलंय.

हे वाचून कुणी दडपून जाऊ नका. सकाळी सहाची विरार लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या आईबापांना मी रोज बघते, त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकायचं नाहीये. बाप्तिस्म्याच्या विधीत फादर आधी आईवडिलांना विचारतात की तुम्ही कसली जबाबदारी घेताय ते कळतंय ना, आणि लगेच गॉडपॅरेंट्सकडे, म्हणजे बाळाच्या धर्म-आईवडिलांकडे, वळून विचारतात, या आईवडिलांना मदत करायला तुम्ही तयार आहात का. म्हणजे पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मदतीचं वचन दिलेलं असतं. ते मागायला लाजायचं काय कारण?

२. बाळाचा बाप्तिस्मा किती दिवसांत करायचा? हॉल मिळेपर्यंत थांबलं तर चालेल?

कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, म्हणतो पहिल्या काही आठवड्यांत. आपल्याकडे हॉल, केटरिंग, मामा दुबईहून येणार, या सगळ्यात वर्ष जातं. माझं मत स्पष्ट आहे, बाप्तिस्मा वेळेवर करून घ्या, जेवणावळ नंतर पहिल्या वाढदिवसाला घाला. बाळाची तब्येत, बाळंतिणीची तब्येत ही कारणं अर्थात वेगळी, त्याला कुणी काही म्हणणार नाही. मूल सात वर्षांच्या पुढे गेलं असेल तर नियम बदलतो, मग त्याला स्वतःला आधी शिकवून तयार करावं लागतं, नुसतं पाळण्यातल्या बाळासारखं करता येत नाही.

आणि चर्चचं बाप्तिस्मा सर्टिफिकेट म्हणजे जन्मदाखला नव्हे. तो महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेगळा काढायचाच. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच लागणार आहे.

३. बाप्तिस्म्याआधी आम्हाला क्लासला का बसवतात? आम्ही तर जन्मापासून ख्रिस्ती आहोत.

कारण १९६९ च्या आधी बाळांसाठी वेगळा विधीच नव्हता, मोठ्यांचाच विधी थोडका करून वापरायचे, सगळी उत्तरं गॉडपॅरेंट्स द्यायचे आणि आईवडील नुसते कडेला असायचे. आता मुख्य उत्तरं आईवडिलांची आहेत. काय बोलणार आहोत ते आधी समजून घ्यायला एखाद-दोन बैठका होतात, बस. शक्यतो बाबांनी पण या. फक्त आई आणि आजी येऊन बसतात असं फार होतं.

४. गॉडफादर-गॉडमदर कोण होऊ शकतं? आमचा जवळचा मित्र हिंदू आहे, त्याला करता येईल का?

कॅनन लॉचं कलम ८७४ बघितलं तर साधारण असं आहे: सोळा वर्षं पूर्ण, कॅथलिक, कन्फर्मेशन म्हणजे दृढीकरण झालेलं, कम्युनियन म्हणजे मिस्सातला ख्रिस्तप्रसाद घेणारं, श्रद्धेला धरून जगणारं, आणि स्वतः आई किंवा बाप नसलेलं माणूस. एक जण पुरतो. दोन हवे असतील तर एक पुरुष एक स्त्री. दोन काका किंवा दोन मावश्या असं नाही चालत.

मित्र प्रोटेस्टंट असेल, समजा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा), तर एका कॅथलिक गॉडपॅरेंटसोबत त्याला साक्षीदार म्हणून घेता येतं. हिंदू मित्राचं नाव मात्र रजिस्टरमध्ये गॉडफादर म्हणून लागत नाही. त्याला बोलवा, शेजारी उभं करा, फोटो काढा, बाळावर त्याचं प्रेम आहे ते कमी थोडीच होतंय. आधी शब्द देऊन मग ऑफिसात नाही ऐकायला लागलं की मन दुखतं, म्हणून आधी विचारा.

५. गॉडपॅरेंट्स झाले, सोन्याची चेन दिली, आता त्यांचं काम संपलं का?

नाही हो, काम तिथून सुरू होतं! बाप्तिस्म्याला पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली एक मेणबत्ती देतात, ती बहुतेक घरांत अल्बमच्या डब्यात पडून असते. आमच्याकडे दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला ती काढतो, गॉडमदर येते, मेणबत्ती दोन मिनिटं लावतो, मूल फुंकर मारतं, मग चहा. एवढंच. थोरलीची मेणबत्ती आता बोटभर उरलीय आणि खालचा कागदाचा पंखा पिवळा पडलाय, पण ती तारीख ती विसरत नाही.

गॉडफादर लांब असेल तर व्हिडिओ कॉल. त्यातही पहिल्या कम्युनियनच्या वर्षी आणि दहावीच्या आसपास त्यांनी जरा जास्त विचारपूस करावी, कारण त्या वयात मूल आईबापाला सांगत नाही ते मावशीला सांगतं.

६. लहान मूल मिस्सात रडतं, पळतं, लोक वळून बघतात. मोठं होईपर्यंत आणायचंच नाही का?

आणायचं. प्लीज आणा. माझा धाकटा दोन वर्षांचा असताना, इथे नाही, दुसऱ्या एका चर्चमध्ये, एका बाईंनी मला प्रवचन चालू असताना खूण करून बाहेर जायला सांगितलं होतं आणि मी पोर्चमध्ये चपलांच्या बाजूला उभी राहून रडले होते, त्यानंतर तीन महिने मी गेलेच नाही. म्हणून आता कुणी तरुण आई मागे उभी दिसली की मी जाऊन विचारते, देता का बाळाला पाच मिनिटं, तुम्ही बसून घ्या.

१९७३ मध्ये रोमने मुलांच्या मिस्साबद्दल मार्गदर्शिका काढली, त्यात असंही सुचवलंय की अगदी लहान मुलांना पॅरिशच्या मदतनिसांनी वेगळ्या जागी सांभाळावं आणि शेवटी सगळ्यांसोबत आशीर्वाद घ्यायला आत आणावं. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर पॅरिश कौन्सिलला सांगा, चार मुली आणि एक चटई एवढ्यात होतं ते. तोवर पुढच्या बाकावर बसा. मागे बसलं की मुलाला फक्त लोकांच्या पाठी दिसतात, पुढे त्याला वेदी, मेणबत्त्या, घंटा दिसते, मग ते बऱ्यापैकी शांत राहतं.

७. पहिलं कम्युनियन कितव्या वर्षी? माझी मुलगी हुशार आहे, लवकर होईल का?

१९१० मध्ये दहावे पायस पोप यांनी वय खाली आणलं, साधारण सातच्या आसपास, जेव्हा मुलाला बरंवाईट कळायला लागतं. आपल्याकडे शाळेच्या वर्गाप्रमाणे बॅच होते म्हणून तिसरी-चौथी धरतात. पाठांतर किती आहे यावर हे ठरत नाही. साध्या पावात आणि ख्रिस्तशरीरात फरक आहे एवढं वयाप्रमाणे समजलं पाहिजे, आणि त्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. तयारी झालीय की नाही ते आईवडील आणि फादर मिळून बघतात.

कपड्यांबद्दल एक विनंती, पांढरा फ्रॉक साधा घ्या. दरवर्षी वर्गात एक तरी मूल असं असतं ज्याच्या घरी त्या खर्चासाठी उसने पैसे घेतलेले असतात. काही पॅरिश सगळ्यांना सारखा झगा देतात, मला ते फार आवडतं.

८. मुलं इंग्लिश मीडियमला, मिस्सा मराठीत, घरी कादोडी (आपली वसईची बोली). कुठल्या भाषेत शिकवायचं?

प्रार्थना ज्या भाषेत आजी म्हणते त्या भाषेत आधी. रात्री घाबरून उठल्यावर तोंडात तीच येते. वर्गातलं पुस्तक इंग्लिशचं असलं तरी चालेल, पण मराठी मिस्सातली उत्तरं मुलाला यायलाच हवीत, नाहीतर ते तासभर पाहुण्यासारखं बसतं. आम्ही शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान घरी मोठ्याने वाचतो, अवघड शब्द तिथेच सांगतो.

आणि आपल्याच मातीतल्या संताची गोष्ट आपल्याच बोलीत सांगा. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ ला संत झाला. त्या २६ जणांत बारा-तेरा वर्षांची मुलं पण होती. हे सांगितलं की माझा सहावीचा वर्ग एकदम गप्प होतो, मग प्रश्न सुरू होतात आणि तास संपल्यावरही मुलं उठत नाहीत.

९. घरी प्रार्थना सुरू करायचीय पण कुणी बसत नाही. कुठून सुरुवात करू?

पूर्ण रोजरीने (जपमाळेने) करू नका, दोन दिवसांत सगळे वैतागतील. जेवणाआधी एक ओळ, झोपताना कपाळावर क्रूस. ते टिकलं की रोजरीचं एक दशक, म्हणजे दहा वेळा नमो मारिया ही मरियेची प्रार्थना.

आणि घरी जमत नसेल तर गावच्या क्रुसावर चला. मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी क्रुसापाशी रोजरी असते, तिथे मुलं आपोआप शिकतात. मागच्या वर्षी एका पाच वर्षांच्या मुलाला तिसरं दशक दिलं, तो नमो मारिया मध्येच विसरला, सगळे थांबले, आणि त्याच्या मागे बसलेल्या म्हाताऱ्या बयने डोळे मिटूनच पुढचा शब्द हळूच म्हटला. त्याने तो उचलला. असं तीनदा झालं आणि दहावी नमो मारिया त्याने न अडता म्हटली, मग उकडलेल्या चण्यांची मूठ त्याला पहिली मिळाली. आईवडील दोघंही तेव्हा ट्रेनमध्ये होते, आजोबा घेऊन आलेले. चर्चची मदत म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला ती बय आठवते.

१०. रविवारी क्लास, क्रिकेट, स्कॉलरशिपची टेस्ट असते. धर्मशिक्षण बुडलं तर?

एखादा रविवार बुडला तर आकाश कोसळत नाही, टीचरला मेसेज करा, काय झालं ते विचारून घ्या. पण दर रविवारी बुडत असेल तर मूल मनात नोंद करतं की घरात याला शेवटचा नंबर आहे. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, तो पर्याय बऱ्याच जणांना माहीतच नसतो. कोचिंगवाल्यांना चार पालक एकत्र जाऊन बोललात तर वेळ बदलून देतात, आम्ही करून घेतलंय.

११. माझा नवरा हिंदू आहे. मुलांना ख्रिस्ती वाढवणार असं त्याच्याकडून लिहून घेतात का?

नाही. वचन कॅथलिक जोडीदार देतो, की मी माझ्या परीने सगळं करेन की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती या श्रद्धेत वाढावीत. दुसऱ्याला फक्त हे वचन सांगितलेलं असतं, त्याची सही-शपथ नाही. तेव्हा लग्नाआधीच दोघांनी शांतपणे बोलून घ्या, बाळ झाल्यावर दोन्ही घरांची माणसं मध्ये पडतात मग ताण येतो.

सासरी गणपती असतो, मुलांना नेऊ का, हे मला दर भाद्रपदात विचारतात. जरूर न्या. ती त्यांची आजी आहे, तिच्या हातचे मोदक आहेत. आपण प्रार्थना कुणाची करतो हे मुलाला घरी प्रेमाने आणि स्पष्ट सांगितलेलं असलं की तिथे ते गोंधळत नाही. पूजेत कुठवर भाग घ्यायचा याबद्दल तुमच्या फादरांशी बसून बोला. आणि हिंदू बाबा पण पालकसभेला येऊ शकतात. आमच्याकडे एक जण दरवर्षी नाताळचा गोठा बांधायला सगळ्यात आधी हजर असतात.

१२. आमचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही / मी एकटी आई आहे / मूल दत्तक आहे. बाप्तिस्मा नाकारतील का?

दोन गोष्टी लागतात. आई किंवा बाप, किमान एकाची संमती, आणि मूल या श्रद्धेत वाढेल याची खरी आशा. आईवडिलांच्या लग्नाची अडचण ही मुलाला शिक्षा होऊ शकत नाही. आशा अजिबातच दिसत नसेल तर फादर पुढे ढकलायला सांगू शकतात, पण मग कारण नीट सांगायचं असतं. एखाद्या ऑफिसात काउंटरवरच कुणी तोडून बोललं तर तिथूनच परत फिरू नका, पॅरिश प्रीस्टना वेळ घेऊन भेटा. एकट्या आईसाठी तर भरवशाची गॉडमदर (प्रश्न ५) म्हणजे केवढा आधार.

१३. आम्ही अजून ठरवलं नाहीये, पण आजी म्हणते मीच गुपचूप बाप्तिस्मा करते. चालतो का?

जीव धोक्यात असेल, बाळ आयसीयूत आहे, फादर पोचत नाहीत, तर कुणीही करू शकतं: डोक्यावर पाणी ओतत, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते' असं म्हणायचं. मग चर्चला कळवायचं, बाकीचा विधी नंतर होतो, पाणी परत घालत नाहीत. पण ठणठणीत बाळाचा आईबापाच्या पाठीमागे करणं चुकीचं आहे. आजीच्या पोटात काळजी असते हे खरंय, तिला म्हणावं प्रार्थना कर आणि पोरांशी बोल.

१४. आमच्या मुलाला ऑटिझम आहे. वर्गात बसू शकत नाही. कम्युनियन मिळेल?

मिळू शकतं, आणि त्याचा हक्क आहे तो. शब्दांत उत्तर देता आलंच पाहिजे असं नाही. हे साधं खाणं नाहीये हे त्याने हावभावाने, शांत होऊन दाखवलं तरी पुरे. आम्ही एका मुलासोबत रिकाम्या चर्चमध्ये बुधवारी दुपारी जायचो, कुणी नसताना, तीच जागा, तोच बाक, आणि अभिमंत्रित न केलेली होस्ट (कम्युनियनची पातळ भाकर) देऊन चव आणि स्पर्शाची सवय केली. पहिल्यांदा थुंकली. सातव्या-आठव्या बुधवारी गिळली. त्याचं कम्युनियन मोठ्या समारंभात न करता सकाळच्या छोट्या मिस्सात झालं, पंखे बंद ठेवून, कारण त्याला तो आवाज सोसत नव्हता. तुमच्या मुलाला काय सोसत नाही ते तुम्हालाच माहीत, फादरांना आणि टीचरला कागदावर लिहून द्या.

१५. वर्गात, कॅम्पला मुलं सुरक्षित आहेत हे कसं कळणार? विचारलं तर वाईट वाटेल का?

वाईट वाटून घेणाऱ्याचा विचार करू नका, विचारा. दार उघडं असतं का, दोन मोठी माणसं असतात का, कॅम्पला रात्री मुलींसोबत कोण असतं, कन्फेशन उघड्यावर दिसेल अशा जागी होतं का. मूल काही सांगत असेल तर त्याचं ऐका आणि आधी विश्वास ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'चर्चचं नाव खराब होईल' म्हणून दाबणं हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

१६. बाप्तिस्म्याआधीच आमचं बाळ गेलं. आता त्याचं काय?

हे विचारणाऱ्या आयांना मी आधी जवळ घेते, मग बोलते. चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं. २००७ मध्ये रोमच्या ईशज्ञान आयोगाने सविस्तर लिहिलंय की त्यांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणं आहेत. तुमचा बाप्तिस्मा करायचा विचार होता तर बिशपांच्या परवानगीने चर्चमधून अंत्यविधीही होऊ शकतो, कॅनन लॉचं कलम ११८३. कुणी काही वेडंवाकडं बोललं असेल तर ते मनातून काढा. आणि शेजारपाजारच्यांनो, त्या घरी डबा न्या, आणि बाळाला नाव दिलेलं असेल तर ते नाव घ्या.

१७. सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो मला चर्चला यायचं नाही. जबरदस्ती करू?

माझ्या थोरलीने हेच म्हटलं होतं, अकरावीत. मी ओरडले, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग गॉडमदरने तिला फक्त विचारलं, नक्की काय पटत नाही? दोन तास बोलल्या दोघी, त्यातलं निम्मं मला आजही माहीत नाही आणि मी विचारत नाही. प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा सोडणं असं नव्हे. घरातली प्रार्थना चालू ठेवा, त्याला बोलवा, नाही आला तर जेवायला नेहमीसारखंच वाढा. कन्फर्मेशनसाठी ढकलू नका, ते त्याने स्वतः मागायचं असतं, वर्ष-दोन वर्षं उशीर झाला तरी चालतं. मित्रांसोबत दुसऱ्या कुठल्या प्रार्थनासभेला जात असेल तर आधी एकदा सोबत जाऊन बघा काय आवडतंय त्याला. बऱ्याचदा तिथे त्याला नावाने हाक मारणारं कुणीतरी असतं. मग आमच्या यूथ ग्रुपला पण ते ऐकवायला हवं.

१८. आम्ही वसई सोडून आखातात / पुण्याला चाललोय. मुलाचे कागद कुठे ठेवायचे?

मूळ नोंद जिथे बाप्तिस्मा झाला त्याच पॅरिशच्या रजिस्टरमध्ये राहते, कन्फर्मेशन आणि लग्नाची नोंद पण तिथेच परत पाठवली जाते. जाण्याआधी ताजं सर्टिफिकेट काढा, कम्युनियनची तयारी अर्धी झाली असेल तर टीचरकडून तसं पत्र घ्या. तिकडे पोचल्यावर पहिल्याच महिन्यात पॅरिशमध्ये नाव नोंदवा, आणि ऑक्टोबरमध्ये क्रुसावरच्या रोजरीच्या वेळी इथल्या कुणाला तरी फोन लावून स्पीकरवर ठेवायला सांगा.